शिरगणती आणि सत्ता : कझाखस्तानच्या निमित्ताने

६ जानेवारी १९३७ रोजी सोव्हिएत संघात शिरगणती झाली. एवढा अवाढव्य देश, आणि मोजदाद एका दिवसात उरकायचा हुकूम. स्टालिनला सतरा-अठरा कोटींची अपेक्षा होती. भरले सोळा कोटी वीस लाख. मधली माणसे कुठे गेली हे सगळ्यांना ठाऊक होते आणि बोलायची कुणाची प्राज्ञा नव्हती. तेव्हा गणनाच घातपाती ठरली, आकडे दडपले गेले आणि गणना खात्याचा प्रमुख इव्हान क्रावाल याला गोळी घालण्यात आली. १९३९ मध्ये पुन्हा मोजदाद झाली. या खेपेस मोजणारे शहाणे झाले होते. आकडा सतरा कोटींच्या वर गेला.

त्या दडपलेल्या गणनेत दोन मोठी भगदाडे होती. एक युक्रेनमधले, त्याविषयी आता जगभर लिहिले-बोलले जाते. दुसरे कझाखस्तानातले. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिले तर हे दुसरे अधिक खोल होते, पण त्याचा उल्लेख आपल्याकडे क्वचितच कानावर पडतो. हे पुस्तक त्या भगदाडापासून सुरू होते. ते कुणी पाडले, कोणाला आणून बुजवले आणि बुजवायला आणलेली माणसे निघून गेल्यावर काय झाले, याचा माग पुढच्या प्रकरणांत घेतला आहे.

महासत्तांच्या प्रभावक्षेत्रांवर लिहिणारे बहुतेक जण लष्करी तळ, करार, तेलवाहिन्या आणि शिखर परिषदांतली हस्तांदोलने यांच्यावर लिहितात. त्यात गैर काही नाही. पण एखाद्या मुलखावर दूरच्या राजधानीचा वरचष्मा टिकतो तो तिथे कोण राहते, घरात कोणती भाषा बोलते, पोरांना कोणत्या शाळेत घालते आणि अडचण आली की कोणाच्या तोंडाकडे पाहते, यावरही. सैन्य आठवड्यात येते, आठवड्यात जाते. माणसे वसवायला दोन पिढ्या लागतात आणि उठायलाही जवळजवळ तेवढ्याच. वांशिक घडण बदलली की प्रभावक्षेत्र बदलतेच. राजनैतिक नकाशावर ते उशिरा उमटते, एवढेच. हे दाखवायला कझाखस्तानइतके लख्ख उदाहरण मला दुसरे सापडले नाही.

देशाचे क्षेत्रफळ २७ लाख चौरस किलोमीटर. भारतातही हा तुकडा सहज मावायचा, पण फार जागा उरायची नाही. त्यात माणसे दोन कोटींच्या आसपास, म्हणजे मुंबई महानगर प्रदेशात राहतात त्याहूनही कमी. उत्तरेला रशियाशी सुमारे ७,६०० किलोमीटरची सीमा, जवळजवळ सगळी सपाट गवताळ. डोंगर नाही, समुद्र नाही, अडवायला काही नाही. अशा सीमेवर दोन्ही बाजूंना कोण राहते याला फार महत्त्व येते.

झारच्या अमदानीतच रशियन आणि युक्रेनी शेतकऱ्यांचे लोंढे या गवताळ मुलखात यायला लागले होते. चांगली पाणथळ कुरणे त्यांना मिळत गेली आणि कझाख मेंढपाळ कोरड्या बाजूला सरकत गेले. तरीही १९२६ च्या गणनेत कझाख निम्म्याहून अधिक होते. मग सामूहिकीकरण आले. कझाखस्तानात त्याची सूत्रे फिलिप गोलोशच्योकिन या माणसाकडे होती. १९१८ मध्ये येकातेरिनबुर्गला झारच्या कुटुंबाचा निकाल लावण्यात ज्यांचा हात होता, त्यांतला हा एक. ऋतूंप्रमाणे शेकडो किलोमीटर फिरणाऱ्या लोकांना एका जागी बसवायचे, त्यांची जनावरे सरकारजमा करायची, आणि ज्यांनी कधी नांगर धरला नाही त्यांच्याकडून धान्याची लेव्ही वसूल करायची, असा तो कारभार. धान्य नसेल तर जनावरे विकून धान्य आणा आणि लेव्ही भरा. पशुधनातला सुमारे नऊदशांश भाग तीन-चार वर्षांत संपला. मेंढपाळाची जनावरे गेली म्हणजे त्याचे दूध, मांस, कपडा, तंबू, वाहन सगळे एकदम जाते. १९३० ते १९३३ या काळात सुमारे पंधरा लाख माणसे मेली. त्यांतली तेरा लाखांच्या घरात कझाख होती. एकूण कझाखांपैकी हा एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा. लाखो लोक सीमा ओलांडून चीनकडे, मंगोलियाकडे, शेजारच्या प्रजासत्ताकांत पळाले. १९२६ मध्ये छत्तीस लाख असलेले कझाख १९३९ च्या, म्हणजे फुगवलेल्या गणनेतही, तेवीस लाखच भरले.

रिकामा मुलूख मॉस्कोला सोयीचा वाटला. जी माणसे इतरत्र नकोत, ती तिकडे. १९३७ च्या शरद ऋतूत जपानचे हेर असल्याच्या संशयावरून अतिपूर्वेकडचे सुमारे १ लाख ७२ हजार कोरियन मालगाड्यांत भरून कझाखस्तान आणि उझबेकिस्तानात आणले गेले. उश्तोबे नावाच्या स्टेशनाजवळ उतरवलेल्या कुटुंबांनी पहिला हिवाळा जमिनीत खड्डे खणून काढला. किमचीसाठी त्यांना हवा तो कोबी मिळेना. मग त्यांनी गाजराचा कीस करून त्याला लसूण, तिखट, धणे आणि व्हिनेगर लावले. आज पूर्वीच्या सोव्हिएत संघातल्या कुठल्याही बाजारात ‘कोरियन गाजर’ मिळते. खुद्द कोरियात ते कुणाला फारसे माहीत नाही. १९४१ मध्ये व्होल्गाकाठचे जर्मन आले, फेब्रुवारी १९४४ मध्ये चेचेन आणि इंगुश. कारागांडाभोवती छावण्यांचे जाळे उभे राहिले. पकडलेल्यांच्या बायकांसाठी अक्मोलाजवळ वेगळी छावणी होती. नवरा ‘देशद्रोही’ ठरला एवढाच त्यांचा गुन्हा.

आणि १९५४ पासून ख्रुश्चेव्हची पडीक जमीन मोहीम. उत्तरेचा गवताळ पट्टा नांगरून गहू पिकवायला रशिया-युक्रेनमधून लाखो तरुण स्वखुशीने आले, गाणी म्हणत आले. छावण्यांतल्या माणसांत आणि यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक होता. शिरगणतीत मात्र दोघांची भर एकाच बाजूला पडली. १९५९ च्या गणनेत कझाख आपल्याच नावाच्या प्रजासत्ताकात ३० टक्के होते, रशियन जवळजवळ ४३ टक्के. राजधानी अल्मा-अतामध्ये कझाख माध्यमाच्या शाळा बोटांवर मोजण्याइतक्या. बसमध्ये कझाख बोलले तर ‘माणसासारखी भाषा बोला’ असे ऐकून घ्यावे लागे, असे त्या पिढीतले लोक अजून सांगतात.

बेळगाव-निपाणी-कारवारच्या वादात वाढलेल्या मराठी वाचकाला या टक्केवारीचे वजन समजावून सांगायला नको. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, सापेक्ष भाषिक बहुसंख्या ही सूत्रे आणि १९५१ च्या गणनेतले आकडे आपल्याकडे दोन पिढ्यांनी तोंडपाठ केले. पण आपल्याकडे भांडण मोजलेल्या माणसांवरून झाले. तिथे आधी माणसे हलवली आणि मग मोजली. म्हणून ‘लोकसंख्या म्हणजे नियती’ असे कोणी म्हणू लागले की मी सावध होतो. कझाखस्तानातले तीस टक्के कुठल्या नियतीने आणलेले नव्हते. त्यावर हुकूम होते, सह्या होत्या, रेल्वेची वेळापत्रके होती.

पुढची कहाणी उलट्या दिशेने जाते, आणि मला ती जास्त उद्बोधक वाटते, कारण तिच्यात गोळी फारशी झाडली गेली नाही. उरलेल्या कझाख कुटुंबांत मुले जास्त होत राहिली. १९८९ ला कझाख ४० टक्क्यांच्या आसपास, रशियन ३८. म्हणजे सोव्हिएत संघ मोडायच्या आधीच पारडे झुकायला लागले होते. या गणनेच्या तीन वर्षे आधी, डिसेंबर १९८६ मध्ये, गोर्बाचेव्हने दिनमुहम्मद कुनाएव्ह या कझाख नेत्याला हटवून गेनाडी कोल्बिन या रशियन माणसाला प्रजासत्ताकाच्या पक्षप्रमुखपदी बसवले. कोल्बिनचा कझाखस्तानाशी काडीचा संबंध नव्हता. अल्मा-अतामध्ये विद्यार्थी आणि तरुण कामगार रस्त्यावर उतरले आणि फौजेने त्यांना झोडपून काढले. त्याच्या तीस वर्षे आधी अशी नेमणूक कुणाला खटकली नसती. स्वतः ब्रेझनेव्ह तिथे पक्षप्रमुख होऊन गेला होता. १९८६ मध्ये ती खटकली, कारण रस्त्यावर येणारी पिढी आता तेवढ्या संख्येने जन्माला आलेली होती.

१६ डिसेंबर १९९१ ला कझाखस्तान स्वतंत्र झाला. सोव्हिएत प्रजासत्ताकांपैकी सगळ्यांत शेवटी, अगदी नाइलाज झाल्यासारखा. हा उशीर समजण्यासारखा आहे: साठ लाखांवर रशियन, त्यांतले बरेचसे उत्तरेत एकवटलेले, आणि त्यांच्यामागे मॉस्को. १९९० मध्ये लेखक सोल्झेनित्सिनने रशियाच्या पुनर्रचनेवर जो गाजलेला निबंध लिहिला, त्यात युक्रेन आणि बेलारूसबरोबर उत्तर कझाखस्तानही रशियाकडेच राहावा असे त्याने सुचवले होते. एकिबास्तुझच्या छावणीत कैद भोगलेला आणि कोक-तेरेकला हद्दपारी काढलेला हा माणूस. या जमिनीवर त्याचे हाल झाले, आणि तरी ती कझाखांची आहे हे त्याच्या मनाने घेतले नाही. साम्राज्याची सवय साम्राज्याच्या कैद्यालाही लागते.

यानंतर माणसे निघू लागली. १९८९ आणि १९९९ या दोन गणनांमध्ये रशियनांची संख्या साठ लाखांवरून पंचेचाळीस लाखांवर आली. जर्मन साडेनऊ लाखांवरून साडेतीन लाखांवर, कारण जर्मनीने आपल्या वंशाच्या लोकांना दार उघडले होते. त्यांना कुणी हाकलले नाही. कारखाने बंद पडले, पगार थकले, वरच्या जागा कझाखांकडे जाऊ लागल्या, आणि मुलाच्या भविष्याचा विचार करताना लोक रशियाकडे किंवा जर्मनीकडे पाहू लागले. दुसरीकडून, दुष्काळात पळालेल्यांचे वंशज परत येऊ लागले: मंगोलिया, चीन, उझबेकिस्तान, इराणमधले कझाख. सरकारने त्यांच्यासाठी घर, कोटा आणि नागरिकत्वाची योजना आखली. आजवर असे दहा लाखांहून अधिक लोक आले आहेत. त्यांचे स्वागत मात्र नेहमी गोड झाले नाही. परतलेल्यांना रशियन येत नसे, आणि शहरी कझाखांना कझाख धड येत नसे. एकाच वंशाचे दोन लोक एकमेकांना गावंढळ किंवा बाटलेले समजत. वांशिक आकड्यांवर बोलणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही. तक्त्यातला एक रकाना आतून एकसंध असतोच असे नाही.

१९९७ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष नझरबायेव्ह यांनी राजधानी दक्षिणेतल्या अल्माटीहून (पूर्वीच्या अल्मा-अताहून) उत्तरेतल्या अक्मोलाला नेली. अधिकृत कारणे सांगितली ती भूकंपाचा धोका, डोंगरामुळे न वाढणारे शहर, सीमेची जवळीक. खरे तर जानेवारीत उणे तीसपर्यंत जाणाऱ्या, वाऱ्याने सोलून काढणाऱ्या त्या गावात स्वखुशीने जाऊन राहील असा अधिकारी मिळणे कठीण होते. पण ख्रुश्चेव्हच्या काळात याच गावाचे त्सेलिनोग्राद झाले होते. पडीक जमीन मोहिमेची ही राजधानी. १९८९ ला तिथे कझाख एक पंचमांशाहूनही कमी होते. मंत्रालये गेली, त्यांच्यामागे कारकून, कंत्राटदार, दक्षिणेतले गरीब तरुण गेले. आज तिथे चार माणसांत तीनहून जास्त कझाख आहेत. शहराचे नाव अस्ताना, मग नूर-सुलतान, पुन्हा अस्ताना असे बदलत राहिले. नाव हा त्यातला किरकोळ भाग. उत्तरेच्या छातीवर लोकवस्तीची मेख ठोकणे हे काम होते, आणि ते झाले. माझ्या मते सोव्हिएतोत्तर काळातल्या कुठल्याही लष्करी करारापेक्षा हा निर्णय मोठा आहे.

२०२१ च्या गणनेत कझाख ७०.४ टक्के आणि रशियन १५.५ टक्के निघाले. त्या वर्षी देशाचा जननदर तीनच्या वर होता, रशियाचा दीडच्या आसपास. उरलेले रशियन वयाने मोठे आहेत. पेत्रोपाव्हलच्या प्रांतात ते अजूनही कझाखांहून जास्त आहेत, आणि म्हणूनच दक्षिणेतल्या तरुणांना शिष्यवृत्त्या देऊन उत्तरेत शिकायला-राहायला पाठवण्याची योजना सरकार चालवते.

या बदलाचा राजकारणात उमटलेला ठसा मोजायचा तर दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहा. ऑगस्ट २०१४ मध्ये, क्रिमिया गिळल्याला सहा महिनेही झाले नव्हते तेव्हा, पुतिन एका युवक शिबिरात म्हणाले की कझाखांचे पूर्वी कधी राज्यच नव्हते, ते नझरबायेव्ह यांनी निर्माण केले. स्तुतीच्या वेष्टनातली धमकी अस्तानात सगळ्यांना कळली. उत्तर शांतपणे आले: पुढच्याच वर्षी कझाख खानतीची ५५० वर्षे थाटात साजरी झाली. दुसरा प्रसंग नोव्हेंबर २०२३ चा. पुतिन अस्तानात आले असताना राष्ट्राध्यक्ष तोकायेव्ह यांनी संयुक्त निवेदनाची सुरुवात कझाखमधून केली, आणि रशियन शिष्टमंडळातल्या मंत्र्यांची अनुवादाचे हेडफोन कानाला लावायला धांदल उडाली. तोकायेव्ह यांचे रशियन अस्खलित आहे. ते वाक्य ते रशियनमध्ये बोलले असते तर कुणाच्या लक्षातही आले नसते.

क्रिमियात २००१ च्या गणनेनुसार ५८ टक्के रशियन होते. युद्ध टक्केवारीमुळे होत नाही, पण घेतलेला मुलूख पचवायला ती उपयोगी पडते. उत्तर कझाखस्तानात तो हिशेब १९९१ मध्ये कदाचित जमला असता. आता जमवणे कठीण. जानेवारी २०२२ च्या दंगलींत तोकायेव्ह यांनी मॉस्कोच्या पुढाकाराची फौज बोलावली, ती आली आणि दोन आठवड्यांच्या आत परतलीही. जूनमध्ये सेंट पीटर्सबर्गला, पुतिन शेजारी बसलेले असताना, तोकायेव्ह यांनी युक्रेनमधल्या दोनेत्स्क आणि लुहान्स्क यांना मान्यता द्यायला नकार दिला. सप्टेंबरमध्ये रशियात सक्तीची भरती सुरू झाली आणि दोन आठवड्यांत दोन लाख रशियन नागरिक कझाखस्तानात शिरले. या वेळी ते वसाहत करायला आले नव्हते, आसरा मागायला आले होते.

इथे थांबलो असतो तर गोष्ट गोंडस झाली असती. पण लोकसंख्या बदलली म्हणून नळ हलत नाहीत. कझाखस्तानच्या निर्यातीतले सुमारे ८० टक्के कच्चे तेल आजही रशियाच्या भूमीतून नोव्होरोस्सिस्क बंदरात जाते. तोकायेव्ह यांच्या त्या नकारानंतर महिनाही झाला नाही तोच तिथल्या एका न्यायालयाला पर्यावरणाच्या नियमांचा पुळका आला आणि त्याने तेलवाहिनी महिनाभर बंद ठेवण्याचा आदेश दिला. पुढे तो मागे घेऊन किरकोळ दंडावर भागवले. इशारा पोचला होता. माणसे गेली तरी पाइप, रेल्वेचे रूळ आणि दूरदर्शनच्या वाहिन्या मागे राहतात.

आणि पूर्वेला चीन आहे. २०१३ मध्ये शी जिनपिंग यांनी रेशीम मार्गाच्या आर्थिक पट्ट्याची घोषणा केली ती अस्तानातच. खोर्गोसच्या कोरड्या बंदरात कंटेनर एका रुळावरून दुसऱ्या रुळावर चढतात, कारण चिनी आणि सोव्हिएत रूळ वेगवेगळ्या मापाचे आहेत. व्यापारात चीनने आता रशियाला गाठले आहे. तरीही चीनला पैसा पोचवता येतो, माणसे नाहीत. २०१६ मध्ये शेतजमीन परक्यांना पंचवीस वर्षांच्या भाड्याने देण्याचा कायदा आला तेव्हा गावोगाव निदर्शने झाली. भीती एकच होती: चिनी येऊन बसतील. सरकारला माघार घ्यावी लागली आणि २०२१ मध्ये परक्यांना शेतजमीन देण्यावर कायमची बंदी आली. ही भीती हवेतून आलेली नाही. सीमेपलीकडच्या शिंज्यांगमध्ये १९४९ ला हान चिनी सहा-सात टक्के होते, २०२० च्या गणनेत ४२ टक्के. तिथल्या दहा लाखांहून अधिक कझाखांपैकी कित्येक जण २०१७ नंतर उइगुरांबरोबर छावण्यांत गेले. अस्तानाने त्यांच्यासाठी फारसा आवाज उठवला नाही. वंशाचा अभिमान आणि व्यापाराचा हिशेब यांत ताळमेळ बसत नसेल तर सरकारे कोणती बाजू घेतात, हे इथे स्वच्छ दिसते. सहाव्या प्रकरणात ते विस्ताराने आले आहे.

रशियाच्या पोटात काय घडते आहे तेही विसरू नये. मॉस्कोची बांधकामे, टॅक्सी आणि गोदामे ताजिक, उझबेक आणि किरगीझ मजुरांवर चालतात. ताजिकिस्तानच्या राष्ट्रीय उत्पन्नातला एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा त्यांच्या मनीऑर्डरींचा. मार्च २०२४ मध्ये क्रोकस सभागृहावर हल्ला झाला, आरोपी ताजिक निघाले, आणि स्थलांतरितांवर धरपकडीचा बडगा उगारला गेला. ज्या साम्राज्याने मध्य आशियात माणसे पाठवली, त्याला आता तिथल्या माणसांवाचून चालत नाही आणि ती डोळ्यांसमोरही नकोत.

आपल्याकडे लोकसंख्येचा विषय निघाला की ‘त्यांची वाढते, आपली घटते’ या एका वाक्यावर चर्चा येऊन थांबते. कोणाची वाढली, कोणाची घटली आणि त्यामागे कोणाचे हुकूम, कोणती टंचाई, कोणती रेल्वे होती, हे विचारायला वेळ लागतो. या पुस्तकाने तो वेळ घेतला आहे. आकडे अधिकृत गणनांचे आहेत आणि जिथे गणनाच संशयास्पद आहे तिथे तसे म्हटले आहे. वैद्यकीय शिक्षणासाठी महाराष्ट्रातली बरीच मुले आज अल्माटी, कारागांडा आणि बिश्केकला असतात. त्यांच्या घरच्यांनी शहरांवरची प्रकरणे आधी वाचायला हरकत नाही. ज्यांना टक्केवारीचा कंटाळा आहे त्यांनी तक्ते खुशाल ओलांडावेत. दुसरे प्रकरण मात्र ओलांडू नये. ते दुष्काळाचे आहे, ते वाचायला जड आहे, आणि त्याच्याशिवाय पुढचे एकही पान उलगडणार नाही.